फ्लामेंकोची परिभाषा

फ्लामेंकोची परिभाषा : दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात, मुख्यतः सेव्हिल, हेरेस आणि कादिस या पट्ट्यात घडलेल्या गायन-वादन-नृत्यकलेची शब्दसंपदा. यातले अनेक शब्द प्रमाण स्पॅनिशमधले नसून आंदालुसियन बोलीतले आहेत आणि ते कानावर पडतात तसेच लिहिले जातात. एरवीचा गायक ‘कांतादोर’, इथला मात्र ‘कांताओर’. मधला ‘द’ गळतो. बाइलाओर (नर्तक), तोकाओर (गिटारवादक) आणि ताब्लाओ (फळ्यांचा मंच) हे याच रीतीचे शब्द. ‘होंदो’ म्हणजे खोल. प्रमाण भाषेत मुका झालेला त्यातला ‘ह’ या बोलीने जपला. तो मूळच्या लॅटिन ‘फ’चा अवशेष होय. ‘कांते होंदो’ हे या कलेतले सर्वांत गंभीर गाणे.

‘फ्लामेंको’ या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. स्पॅनिशमध्ये हा शब्द फ्लँडर्सच्या (मुख्यतः आजच्या बेल्जियममधील प्रदेश) रहिवाशाला आणि रोहित पक्ष्यालाही लावतात. नर्तकाच्या पवित्र्यावरून पक्ष्याचे नाव कलेला मिळाले, ही उपपत्ती आकर्षक असली तरी तिला आधार नाही. आंदालुसियन विचारवंत ब्लास इन्फांते यांनी परागंदा शेतकरी अशा अर्थाचा ‘फेल्लाह-मेंगू’ हा अरबी मूळशब्द सुचवला आणि १६०९–१४ मधील मोरिस्कोंच्या (बळजबरीने ख्रिस्ती केलेले स्पेनमधील मुसलमान व त्यांचे वंशज) हकालपट्टीशी त्याचा संबंध जोडला. पण ती घटना आणि या शब्दाची संगीतातील नोंद यांत दोन शतकांहून अधिक अंतर पडते व मधल्या काळातला दुवा सापडत नाही. काही संशोधकांच्या मते १८०० च्या आगेमागे बोलीत ‘फ्लामेंको’चा अर्थ भपकेबाज, ऐटबाज असा होता, आजही स्पॅनिशमध्ये ‘फ्लामेंको होणे’ म्हणजे गुर्मी दाखवणे. इंग्रज लेखक जॉर्ज बॉरो यांनी १८४१ मध्ये हितानो (स्पेनमधील रोमा) लोकांना हे नाव लावले जात असल्याचे नोंदवले. संगीताच्या संदर्भातले उल्लेख साधारणपणे १८४७ पासून माद्रिदच्या वृत्तपत्रांत मिळू लागतात. १८८१ मध्ये गीतसंग्रह प्रसिद्ध करणारे आंतोनिओ माचादो इ आल्व्हारेस यांनीही हितानोंना फ्लामेंको का म्हणतात हे ठाऊक नसल्याचे लिहिले. एकंदरीत ऐटबाजपणाचा अर्थ आधी आणि कलेचे नाव मागाहून, हा क्रम अधिक संभाव्य दिसतो.

मराठी वाचकाला जवळचे वाटतील असे काही शब्द हितानोंच्या ‘कालो’ बोलीतून आले आहेत. फ्लामेंकोच्या पदांत ‘दुका’ म्हणजे दुःख आणि ‘उंदेबेल’ म्हणजे देव. कालोतली ‘चुरी’ म्हणजे आपली सुरीच. रोमा भाषा भारतीय आर्यभाषाकुलातील असल्याने हे साम्य योगायोगाचे नाही. रोमा लोक स्पेनमध्ये आल्याची पहिली नोंद १४२५ ची, आरागोनच्या राज्यातली आहे. मात्र एवढ्यावरून फ्लामेंको कथकातून निघाला असे म्हणता येत नाही. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले असावेत, तर कथकाला आजचे रूप पुष्कळ नंतर आले. शब्द टिकले म्हणून पदन्यासही टिकला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा.

‘पालो’ म्हणजे गीतप्रकार. मूळ अर्थ काठी. पत्त्यांतल्या रंगालाही हाच शब्द आहे. सोलेआ (‘सोलेदाद’, एकाकीपण), सिगिरिया (‘सेगिदिया’ या लोकगीतप्रकारावरून) आणि बुलेरिया हे प्रमुख पालो. बुलेरियाचे मूळ काहीजण थट्टेत, तर काही गलक्यात शोधतात. पालोची ओळख बव्हंशी ‘कोंपास’वरून पटते. हे तालाचे आवर्तन. सोलेआचे बारा ठोके असून जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारा यांवर येतो. म्हणजे पहिले सहा ठोके तीन-तीनच्या गटांत, पुढचे सहा दोन-दोनच्या. एकतालाच्याही मात्रा बाराच, पण त्याची दोन-दोन मात्रांची सम विभागणी मनात धरून बसलेला श्रोता इथे हमखास चुकतो. मांडीवर हात मारत मोजल्यावरच ही लय अंगात भिनते. सिगिरियाची विभागणी आणखी विषम आहे : २+२+३+३+२. मार्तिनेते हा लोहारशाळेशी जोडलेला प्रकार गिटारीविना गातात.

‘दुएंदे’ हा सर्वाधिक प्रसिद्ध शब्द. मूळ अर्थ घरातला खोडकर पिशाच्चसदृश जीव. ‘घरधनी’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दप्रयोगाचा तो संक्षेप मानतात. कवी फेदेरीको गार्सिया लोर्का यांनी १९३३ मध्ये ब्वेनोस आइरेस येथील व्याख्यानात त्याला कलेतील मृत्युस्पर्शी आवेगाचा अर्थ दिला आणि तो जगभर गेला. फ्लामेंकोच्या मंडळींच्या रोजच्या बोलण्यात त्याच्या जोडीला ‘पेयीस्को’ (चिमटा) हाही शब्द असतो. एखादी जागा अशी लागते की ऐकणाऱ्याच्या काळजाला चिमटा बसतो. दुएंदेपेक्षा हा शब्द अधिक नेमका आहे.

दाद देण्याच्या आरोळ्यांना ‘हालेओ’ म्हणतात. ‘ओले’ हा त्यातला उद्गार अरबी ‘वल्लाह’पासून आला, ही समजूत रूढ असली तरी तिचा पुरावा दुर्बळ आहे. साथीच्या टाळ्या म्हणजे ‘पाल्मास’. गाणे चालू असताना तळहात पोकळ धरून दबकी टाळी देतात, तिला ‘सोर्दास’ म्हणतात; नृत्याला जोर चढला की बोटे दुसऱ्या तळव्यावर आपटून ‘क्लारास’ ही खणखणीत टाळी वाजवतात.