उघड्या गाडीचं गंजलेलं सिल : पार्श्वभूमी

छप्पर नसलेल्या जुन्या गाडीचं गंजलेलं सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची लांबट पेटी, घरच्या आवारात कापून नवं बसवणं, हा मुंबईत आता नुसता पत्र्याचा प्रश्न राहिलेला नाही. २०२१ पासून तो नोंदणीच्या कागदाचाही झाला आहे. कागदावरचा वाद समजायचा तर आधी पत्र्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

१९२८ पासून शिवडीत अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. १९५३ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की, सुटे भाग देशातच बनवायची तयारी नसलेल्यांनी जुळणीचा धंदा आवरावा. त्यानंतर लवकरच परदेशी कंपन्यांनी मुंबईतली जुळणी बंद केली. त्यामुळे आज शहरात दिसणाऱ्या उघड्या विलायती गाड्या बहुतांशी त्याआधी आलेल्या, किंवा नंतर कुणाबरोबर तरी एकेकट्या आलेल्या. १९६१ पासून मद्रासला बनू लागलेली स्टँडर्ड हेराल्ड ही गाडी स्वतंत्र चासीवरची, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावरची, त्यामुळे तिचं बाहेरचं सिल गंजलं तरी भार चासीवरच राहतो. मॉरिस मायनरचं तसं नाही. १९४८ पासूनच तिला वेगळी चासी नाही. सिल, फ्लोअर (तळाचा पत्रा) आणि मधला क्रॉसमेंबर (आडवी पट्टी) यांच्यावरच ती उभी असते, पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या टॉर्शन बारची मागची टोकंही त्याच क्रॉसमेंबरात अडकवलेली. उघड्या मॉडेलला कारखान्यातच मजबुतीचे जादा पत्रे घातलेले असतात, कारण बंद गाडीत छप्पर जो ताण घेतं तो इथे दाराखालच्या पेटीला घ्यावा लागतो.

आयात बंद, तयार पत्रे मिळेनात. सगळं पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या कारागिराच्या, डेंटरच्या, हातावर आलं. हा हात तयार झाला तो टॅक्सीवर. कुर्ल्याला बनणारी फियाट, पुढे पद्मिनी झालेली, तीही चासीविना. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तिचं फ्लोअर काही वर्षांत चाळणी व्हायचं. कार्बाइडचा गॅस, १८ किंवा २० गेजचा पत्रा, हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) एवढ्यावर ही माणसं काम करत. पद्धत ठरलेली : गंजक्या पेटीवरच नवा पत्रा चढवायचा, कडेने टाचायचा, वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारायचा. त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडायची, म्हणून गाडी लवकरात लवकर रस्त्यावर यायला हवी असे. शिवाय फियाटला छप्पर होतं, थिगळावरही ती वर्षं काढायची.

तीच रीत उघड्या गाडीवर आली आणि तिथे ती फसली. आतला गंज चालूच राहतो, पेटीतला ताण घेणारा पत्रा खाऊन जातो, मग गाडी मधोमध झुकते. जॅक लावला की दार अडकतं. तीन-तीन थरांची सिल उघडल्यावर आत मूळ पत्र्याचा नुसता भुगा सापडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या पेट्यांत शिरलेला गाळ वरून धुऊन निघण्यातला नव्हता. तो ओला राहिला आणि आतून पत्रा खात राहिला.

त्यानंतर दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. लहान, घरच्या विजेवर चालणारे सीओटू वेल्डिंगचे (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात विजेने सांधण्याचे) संच आवाक्यात आले. आणि पद्मिनी टॅक्सी संपत गेली. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांच्या मर्यादेनुसार २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पत्रा हाताने वळवणाऱ्या कारागिराचा रोजचा पोटापाण्याचा धंदा तिच्याबरोबर गेला. मालकांनी स्वतः वेल्डिंगची बंदूक हातात घेतली ती या टप्प्यावर. दसऱ्यानंतर काम काढायचं आणि पावसाच्या आत प्रायमर-रंग उरकायचा, कारण दमट हवेत उघडा पत्रा बघता बघता तांबूस होतो. कापण्याआधी दाराच्या दोन्ही खांबांमध्ये आडवे-तिरपे अँगल टाचायचे, एका वेळी एकच बाजू उघडायची, प्रत्येक टाक्यानंतर दाराची फट मोजायची. गॅसच्या तुलनेत सीओटूची उष्णता आटोक्यात राहते, त्यामुळे मूळ स्पॉट वेल्डच्या (कारखान्यातल्या ठिपक्यांच्या जोडांच्या) जागी भोकं पाडून ती वेल्डने भरता येतात, म्हणजेच प्लग वेल्ड करता येतात. या कामाचा दर्जा जुन्या थिगळापेक्षा कितीतरी वरचा आहे, हे ठामपणे म्हणायला हवं.

नेमकं याच काळात, जुलै २०२१ मध्ये, केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची नवी मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, रोजच्या वापराला मनाई. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. इथपर्यंत भांडण नाही. भांडण आहे ते व्याख्येतल्या अटीवर : गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चासी, बॉडी शेल (गाडीचा पत्र्याचा मूळ सांगाडा) किंवा इंजिनात बदल करणारं मोठं काम तिच्यावर झालेलं नसावं.

मायनरचं सिल हा बॉडी शेलचाच भाग आहे. मग ते कापून नवं घातलं तर गाडी बाद? एक पक्ष म्हणतो, हो. शेल कापलं म्हणजे शेल बदललं, आणि इथे ढील दिली तर छप्पर कापून उघड्या केलेल्या बंद गाड्याही उद्या रांगेत उभ्या राहतील. ही भीती खोटी नाही. अशा गाड्यांना अट लागू व्हायलाच हवी, आतून जाड पाइप घालून ‘मजबूत’ केलेल्या सिललाही.

पण त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा, त्याच जागी जोड घेऊन बसवला तर बदललं काय? मूळ स्वरूप बिघडवलं ते गंजाने आणि त्यावर चढवलेल्या थरांनी. अटीचा कडक अर्थ घेतला तर उलटाच न्याय होतो : अंडरकोटखाली, म्हणजे गाडीच्या तळाला मारलेल्या जाड काळ्या थराखाली, झाकलेलं थिगळ तपासणीत सुटतं, आणि फोटो काढून, उघडपणे केलेली नीट दुरुस्ती अडकते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते ती गाडीत मोठा बदल नसेल तरच. तिथल्या मार्गदर्शनात मात्र स्पष्ट लिहिलं आहे की, मूळ नमुन्याबरहुकूम बदललेली चासी किंवा शेल हा मोठा बदल धरला जाणार नाही. आपल्या अधिसूचनेत असं वाक्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालाचा दाखला या वादात दिला जातो, पण त्याचा रोख उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांवर आहे. नमुन्याबरहुकूम घातलेलं सिल त्या तपशिलाकडे परत नेतं.

निर्णय राज्याने नेमलेल्या समितीकडे आहे, आणि पत्र्याबद्दल तिच्या हातात त्या एका अटीपलीकडे लेखी मोजमाप नाही. म्हणून घरी काम काढणाऱ्याने कापण्याआधीचे फोटो, दाराच्या फटींची मापं आणि मूळ जोड दिसणारा जुन्या सिलचा तुकडा जपून ठेवावा, गाडी ‘व्हीए’त न्यायची असो वा जुन्याच नोंदणीवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत ठेवायची असो.