लाउंज फक्त बिझनेस क्लासवाल्यांचं? नाही!

"लाउंज ते बिझनेस क्लासवाल्यांचं, आपलं नाही." मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या जळगाव-भुसावळकडच्या आईवडिलांच्या तोंडून हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. लाउंज म्हणजे विमानतळावरची, सोफे नि जेवणाची सोय असलेली बसायची जागा. मुंबईच्या टर्मिनल 2 वर असेच एक काका-काकू भेटले. विमान पहाटेचं, हे रात्रीपासून खुर्चीत अवघडून बसलेले, मांडीवर दशम्या नि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. काकांच्या पाकिटातल्या क्रेडिट कार्डावर लाउंजची सोय होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी कार्डावर किंवा थेट पैसे भरून आत जाता येतं. बऱ्याच कार्डांवर पडताळणीपुरते 2 रुपये कापले जातात. निघण्याआधी बँकेला मात्र विचाराच: कार्ड आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर चालतं का (अनेक डेबिट कार्डं देशांतर्गतच चालतात), आणि आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट आहे का. सोबतच्या माणसाचे पैसे बहुधा वेगळे.

आणि बिझनेस क्लास म्हणजे लाउंज आलंच, असंही नाही. कतार एअरवेजच्या 'लाइट' बिझनेस तिकिटात ते धरलेलं नसतं.

त्या रात्री लाउंजमध्ये गेल्यावर काकूंनी सोफ्यावर बसल्याबरोबर आधी सुजलेले पाय वर घेतले. जेवणाकडे नंतर पाहिलं.