जार टाकला तरी इंजिन सापडेना: प्रोजेक्टची डिपेन्डन्सी की प्लगइनची?

जेडीके ८ (जावाचा डेव्हलपमेंट किट) वर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला मेव्हन या बिल्ड टूलचा बिल्ड जेडीके १७ वर नेला की हमखास एका जागी अडतो. पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये, ॲन्टरन प्लगइन असतो, त्यात ॲन्ट या जुन्या बिल्ड टूलचं स्क्रिप्ट टास्क आणि त्यात दहावीस ओळी जावास्क्रिप्ट. व्हर्जन नंबरचे तुकडे करायचे, बिल्डची तारीख कुठेतरी चिकटवायची, असलं काहीतरी किरकोळ काम. लॉगच्या शेवटी ‘अनेबल टू क्रिएट जावॅक्स स्क्रिप्ट इंजिन फॉर जावास्क्रिप्ट’ अशी ओळ येते आणि बिल्ड पडतो.

कारण समजायला अवघड नाही. स्क्रिप्टिंगचा एपीआय (जावामधून स्क्रिप्ट चालवण्याची सोय) जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून, जेडीकेमध्ये आहे. त्याच्यासोबत जावास्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवणारं इंजिनही आयतं मिळायचं. जेडीके ६ आणि ७ मध्ये ऱ्हायनो होतं, ८ मध्ये नॅसहॉर्न आलं. जेडीके ११ मध्ये नॅसहॉर्न डेप्रिकेट झालं आणि सप्टेंबर २०२० मधल्या जेडीके १५ मधून काढूनच टाकलं. एपीआय जागेवर राहिला, इंजिन तेवढं गेलं. त्यामुळे कंपाइल करताना काहीच कळत नाही, चालवताना कळतं.

नॅसहॉर्न आता वेगळी लायब्ररी म्हणून मिळतं, ‘ऑर्ग डॉट ओपनजेडीके डॉट नॅसहॉर्न’ या ग्रुपमधलं ‘नॅसहॉर्न-कोअर’. इथवर शोध लागला की बहुतेक जण ती पॉमच्या मुख्य डिपेन्डन्सीजमध्ये (लागणाऱ्या लायब्ऱ्यांच्या यादीत) टाकतात, बिल्ड पुन्हा चालवतात आणि एररमध्ये अक्षराचाही फरक पडत नाही. मग व्हर्जन बदलून बघणं, लोकल रिपॉझिटरी पुसणं असे खेळ सुरू होतात. लायब्ररीची फाइल, म्हणजे जार, नीट उतरलेला असतो, फक्त चुकीच्या घरी गेलेला असतो.

मुख्य डिपेन्डन्सीज या तुमच्या कोडसाठी असतात. कंपाइल, टेस्ट आणि रनटाइम यांचे क्लासपाथ (क्लास शोधायच्या जागांच्या याद्या) त्यांतून तयार होतात. प्लगइन मात्र मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये), पण क्लास लोड करणाऱ्या स्वतःच्या वेगळ्या क्लासलोडरमध्ये चालतो. प्रोजेक्टचे जार त्या क्लासलोडरला आपोआप दिसत नाहीत. ॲन्टरनमधली स्क्रिप्ट चालवतो तो प्लगइन, म्हणून इंजिनही त्यालाच द्यायला हवं. पॉममध्ये त्या प्लगइनच्या ब्लॉकमध्ये, व्हर्जन आणि एक्झिक्यूशन्सच्या (प्लगइन केव्हा काय चालवेल त्या नोंदींच्या) बरोबरीने, वेगळा डिपेन्डन्सीज ब्लॉक उघडायचा आणि नॅसहॉर्न-कोअर १५.४ तिथे लिहायचं. त्याला लागणारे एएसएम या बाइटकोड लायब्ररीचे जार मागोमाग येतात. हा ब्लॉक एखाद्या एक्झिक्यूशनच्या आत लिहिला तर मेव्हन पॉमच नाकारतो, कारण डिपेन्डन्सी संपूर्ण प्लगइनला लागते, एका एक्झिक्यूशनला नाही.

एक पथ्य पाळावं लागतं. या लायब्ररीला किमान जावा ११ लागतो. टीममध्ये कुणी अजून जेडीके ८ वर बिल्ड करत असेल तर प्लगइनचा हा भाग जेडीके १५ आणि पुढच्यांसाठीच सुरू होणाऱ्या प्रोफाइलमध्ये ठेवा.

जार खरोखर पोचला का, हे बघायला डिपेन्डन्सी ट्री उपयोगाचा नाही. तो फक्त प्रोजेक्टची बाजू दाखवतो आणि तिथे नॅसहॉर्न दिसलं की माणूस उगाच निर्धास्त होतो. मेव्हन मायनस कॅपिटल एक्स लावून चालवा आणि लॉगमध्ये ‘पॉप्युलेटिंग क्लास रेल्म’ शोधा. ॲन्टरनच्या नावाची ती ओळ सापडली की तिच्याखाली ‘इन्क्लुडेड’ म्हणून एकेक जार छापलेला असतो. त्या यादीत नॅसहॉर्न नसेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज दिसतो: कंपायलरचा रिलीज ८ वर ठेवला की जुनं इंजिन परत येईल. येत नाही. ती सेटिंग तुमचा कोड कंपाइल करण्यापुरती आहे, आणि टूलचेननेही (कंपाइलसाठी वेगळा जेडीके नेमण्याच्या सोयीनेही) मेव्हनचा स्वतःचा जेव्हीएम बदलत नाही. प्लगइन कोणत्या जेडीकेवर चालतोय ते मेव्हन मायनस व्ही सांगतं. (खरं तर वीस ओळींच्या स्क्रिप्टसाठी पॉममध्ये इंजिन पोसण्यापेक्षा ते काम बिल्ड-हेल्परसारख्या तयार प्लगइनकडे सोपवलेलं बरं. पण जुन्या बिल्डला हात लावायची परवानगी नेहमी मिळतेच असं नाही.)

उलट बाजूचं दुखणं वेगळं दिसतं. तुमचा ॲप्लिकेशन कोडच स्क्रिप्ट इंजिन मॅनेजरकडे नावाने इंजिन मागत असेल तर न मिळाल्यास एक्सेप्शन येत नाही, गुपचूप नल मिळतो. पुढच्या ओळीत त्याच नलवर इव्हॅल करायला गेलं की नल पॉइंटर एक्सेप्शन. इथे प्लगइनची डिपेन्डन्सी काडीच्या उपयोगाची नाही, जार मुख्य यादीतच हवा. त्याचा स्कोप ‘टेस्ट’, म्हणजे फक्त टेस्टपुरता, ठेवला तर सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतील आणि सर्व्हरवर नल मिळेल. कोडमध्ये ‘जेडीके डॉट नॅसहॉर्न’ने सुरू होणारे इम्पोर्ट असतील तर तेही बदलावे लागतात, नव्या लायब्ररीचं पॅकेज ‘ऑर्ग डॉट ओपनजेडीके’ने सुरू होतं.

आयडीईमध्ये चालतं पण फॅट जारमध्ये (सगळ्या लायब्ऱ्या आत भरलेल्या एकाच जारमध्ये) नल मिळतो, ही तक्रार असेल तर मेटा-इन्फमधलं सर्व्हिसेस फोल्डर उघडून बघा. मॅनेजर इंजिनं शोधतो ती तिथल्या ‘जावॅक्स डॉट स्क्रिप्ट डॉट स्क्रिप्टइंजिनफॅक्टरी’ नावाच्या फाइलवरून. नॅसहॉर्न आणि ग्रूव्ही (जेव्हीएमवरची दुसरी स्क्रिप्टिंग भाषा) दोन्ही वापरत असाल तर दोघांच्या जारमध्ये याच नावाची फाइल असते, आणि फॅट जार बनवणाऱ्या शेड प्लगइनला काही सांगितलं नसेल तर त्यातली एकच शिल्लक राहते. सर्व्हिसेस रिसोर्स ट्रान्सफॉर्मर जोडला की दोन्हींतल्या ओळी एकत्र होतात.

दोन्ही बाजूंच्या मधोमध बसणारा प्लगइनही आहे. एक्झेक प्लगइनचा ‘जावा’ हा गोल (प्लगइनचं एक काम) चालतो मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये, पण डीफॉल्टने प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सीज घेतो आणि स्वतःच्या ब्लॉकमधल्या सोडून देतो. त्या हव्या असतील तर ‘इन्क्लुड प्लगइन डिपेन्डन्सीज’ ट्रू करावं लागतं. ॲन्टरनची सवय इथे लावली की पुन्हा तोच घोळ.

ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलमध्येही हीच विभागणी आहे. ग्रूव्हीत लिहिलेली बिल्ड फाइल ग्रेडलच्या पोटातल्या ग्रूव्हीवर चालते. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ ही एरर बिल्ड फाइल वाचतानाच आली तर जुना ग्रेडल जावा १७ वर चालवला जातोय. प्रोजेक्टमध्ये नवं ग्रूव्ही टाकून ती जात नाही, रॅपर (प्रोजेक्टसाठी ग्रेडलचं व्हर्जन ठरवणारी स्क्रिप्ट) ७.३ किंवा पुढे न्यावा लागतो. आकडा ६५ असेल तर तो जावा २१, त्याला ग्रेडल ८.५ हवा. तीच एरर कंपाइल ग्रूव्ही टास्कमध्ये आली तर मात्र आधी प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सीजमधलं ग्रूव्हीचं व्हर्जन बघा.