हेल्प फाईल कोरी दिसते? फॉरमॅट मारू नका, आधी हे वाचा

फोंड्यापासून म्हापशापर्यंत कुठल्याही ऑफिसात जा, अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरची हेल्प फाईल उघडली आणि डावीकडे विषयांची यादी नीट दिसतेय पण उजवीकडे नुसतं पांढरं पान किंवा 'वेबपेज उघडता येत नाही' असा मेसेज, की निदान ठरलेलं असतं: फाईल करप्ट, नाहीतर व्हायरस. मग कोणीतरी फॉरमॅट मारायला सांगतो, कोणी कॉम्प्युटर 'क्लीन' करणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकतो, जे स्वतःच हजार एरर दाखवून पैसे मागतं. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार घाला, माझं काही म्हणणं नाही, पण त्याने हेल्प फाईल उघडणार नाही. गंमत म्हणजे तीच फाईल शेजारच्या टेबलावर व्यवस्थित उघडते, आणि दोन्ही फाईली बाइट-बाइट जुळवून बघितल्या तर एका बाइटचाही फरक नाही.

मग फरक कुठे?

ही फाईल म्हणजे सीएचएम, मायक्रोसॉफ्टने 1997 मध्ये आणलेला प्रकार. आत साधी एचटीएमएल पानं, चित्रं आणि अनुक्रमणिका, सगळं दाबून एका फाईलमध्ये कोंबलेलं. ती उघडणारा प्रोग्रॅम स्वतः पान काढत नाही, ते काम इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या इंजिनकडून करून घेतो, म्हणजे तुम्हाला वाटतं आपण पुस्तक वाचतोय, खरं तर तुम्ही वेबसाइट बघताय. आणि वेबसाइट म्हटली की सिक्युरिटी आली.

आता माझा आवडता भाग. विंडोजची एनटीएफएस नावाची फाईल सिस्टीम आहे, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, 1993 च्या विंडोज एनटीपासूनची. तिच्यात एका फाईलला एकच मजकूर असावा असा नियम नाही. मुख्य मजकुराला चिकटून दुसरा मजकूर ठेवता येतो, त्याला अल्टरनेट डेटा स्ट्रीम म्हणतात. मुळात ही सोय मॅकिंटॉशच्या फाईली सांभाळता याव्यात म्हणून ठेवलेली, कारण तिथे एका फाईलचे दोन भाग असायचे. हा चिकटलेला भाग एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, फाईलच्या साइझमध्ये धरला जात नाही, फाईलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, काढला तरी बदलत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' आणि पुढे 'स्लॅश आर' दिलं तरच तो यादीत येतो.

2004 साली विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला आणि तेव्हापासून ब्राउझरने नेटवरून उतरवलेल्या फाईलला 'झोन आयडेंटिफायर' नावाचा असा स्ट्रीम लागायला लागला. आत मोजक्याच ओळी, त्यात झोनचा नंबर, म्हणजे फाईल कुठून आली त्याचा आकडा. 0 म्हणजे हाच कॉम्प्युटर, 1 ऑफिसचं नेटवर्क, 2 विश्वासातल्या साइट, 3 इंटरनेट, 4 धोक्याच्या साइट. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यावर गाडीच्या कागदावर शिक्का बसावा तसं हे, माल तोच, फक्त बाहेरून आला एवढी नोंद. सीएचएम उघडताना विंडोज हा नंबर वाचतं, 3 दिसला की यादी दाखवतं आणि पान अडवतं. उगाच नाही अडवत, या फाईलीतल्या स्क्रिप्टमधून कॉम्प्युटरवर वाट्टेल ती कमांड चालवता येते आणि व्हायरसवाल्यांनी ते भरपूर केलंय.

मग शेजारच्या टेबलावर का उघडते? तिथे ती बहुतेक पेनड्राइव्हवरून गेलेली असते. पेनड्राइव्हची फाईल सिस्टीम सहसा एनटीएफएस नाही, एफएटी32 किंवा एक्सएफएटी असते, त्यात असे स्ट्रीम ठेवायची जागाच नाही, कॉपी करताना शिक्का गळून पडतो. झिपमधून काढली तर कुठल्या सॉफ्टवेअरने काढली त्यावर अवलंबून, विंडोजचं स्वतःचं झिप शिक्का आतल्या फाईलींवर उतरवतं, बाकीची काही उतरवत नाहीत. म्हणून 'काही कॉम्प्युटरवर दिसते, काहींवर नाही' हे भूत. उपाय एवढाच की फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरलमध्ये खाली 'अनब्लॉक'वर टिक, ओके. पण फाईल कुठून आली ते माहीत असेल तरच हां! व्हॉट्सअपवर कोणीतरी ढकललेली असेल तर राहू दे ती कोरीच.

फाईल सर्व्हरवर ठेवून सगळ्यांनी तिथूनच उघडायची असेल तर अनब्लॉक करूनही पान येत नाही. 2005 च्या एका सिक्युरिटी अपडेटने नेटवर्कवरची सीएचएम बंदच केली. आपल्या डिस्कवर कॉपी करून उघडायची, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, हात घालायला कोणी सांगितलं तरी घालू नका.

मराठी-कोकणी हेल्पचं दुखणं वेगळं. पान नीट पण यादीत नुसती प्रश्नचिन्हं, असं होतं, कारण यादी युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षर-तक्ता) नाही, जुन्या कोडपेजवर, म्हणजे एकेका भाषेपुरत्या छोट्या तक्त्यावर, चालते आणि देवनागरीसाठी विंडोजला लावता येईल असं ते कोडपेज कधी आलंच नाही. उलट पानावरच डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' परत परत दिसत असेल तर पान बनवणाऱ्याने ते यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, आहे हे लिहिलेलं नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तिथे तीन बाइटचं, पहिला बाइट कायम तोच, आणि इंग्रजी विंडोज त्या बाइटला तो 'ए' समजतं. हे तुम्ही दुरुस्त करू शकत नाही, सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा आणि पीडीएफ मागा.

आणि एवढं सगळं करूनही कोरीच असेल तर फोल्डरच्या नावात # आहे का बघा. वेब पत्त्यात त्या चिन्हाच्या पुढचं म्हणजे पानातली जागा, त्यामुळे 'सी#' नावाच्या फोल्डरमधली फाईल शोधताना रस्ता तिथेच तुटतो. नाव बदला, उघडेल.