टेल दॅट टू द मरीन्स

समोरच्याच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास नाही, हे तोंडावर सुनावणारा इंग्रजी वाक्प्रचार. अर्थ, ‘हे जाऊन मरीन सैनिकांना सांग’. पूर्वी त्याला पुढे शेपूट असे : ‘खलाशी काही विश्वास ठेवायचे नाहीत.’ खरी खोच त्या शेपटातच आहे.

मरीन म्हणजे युद्धनौकेवरचे पायदळ. ब्रिटनमध्ये त्यांची पहिली पलटण १६६४ साली उभी राहिली. लढाईत बंदुका चालवायच्या आणि एरवी जहाजावर शिस्त राखायची, वेळ आलीच तर बंडखोर खलाशांपासून अधिकाऱ्यांना वाचवायचे, हे त्यांचे काम. साहजिकच खलाशांशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. या लाल डगलेवाल्यांना शिडा-दोरांतले ओ की ठो कळत नाही, समुद्राविषयी कसलीही थाप मारली तरी ते ती गिळतात, अशी खलाशांची थट्टा असे. इंग्लिश कवी बायरनने ‘द आयलंड’ (१८२३) या काव्यात हा प्रयोग केला आणि तळटीपेत ती जुनी म्हण असल्याचे सांगितले. दोन दलांतल्या जुन्या असूयेची ही केवळ गमतीपुरती उरलेली खूण, असेही तो म्हणतो. पुढच्याच वर्षी वॉल्टर स्कॉटच्या ‘रेडगाँटलेट’ कादंबरीत ती शेपटासकट आली.

लोकांच्या तोंडी मात्र वेगळीच कथा आहे. सतराव्या शतकातला नौदलाचा कारभारी सॅम्युएल पीप्स इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला उडणाऱ्या माशांविषयी सांगतो. दरबारी हसतात. तेवढ्यात मरीन पलटणीचा एक अधिकारी ‘मीही पाहिलेत’ अशी ग्वाही देतो. राजा खूश होतो आणि यापुढे अशी नवलाची गोष्ट कानी आली की आधी मरीन सैनिकांना विचारायचे, असे फर्मावतो. म्हणजे येथे मरीन भोळे नव्हेत, उलट चार समुद्र पाहिलेले जाणते! कथा झकास आहे, पण बनावट. डब्ल्यू. पी. ड्रुरी या मरीन अधिकाऱ्यानेच ती रचून १९०४ साली आपल्या पुस्तकात घातली. आपण वाचकांची फिरकी घेतली होती, हे त्याने पुढे कबूलही केले. तरी ती छापली जात राहिली.

अमेरिकेत या शब्दांचा रोखच बदलला : थट्टेऐवजी ते लढाईचे आव्हान झाले. चित्रकार जेम्स माँटगोमेरी फ्लॅगच्या पहिल्या महायुद्धकाळातील मरीन भरतीच्या भित्तिचित्रात जर्मन अत्याचारांची बातमी वाचून भडकलेला एक माणूस अंगातला कोट उतरवतो आहे आणि वर हेच शब्द आहेत. फेब्रुवारी १९४२ मधील रेडिओ भाषणात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी, अमेरिकनांना दुबळे म्हणणाऱ्या बर्लिन, रोम आणि टोकियोला तेच बजावले : हिंमत असेल तर हे मरीन सैनिकांना सांगा.