साठीनंतरची कोरडी त्वचा आणि साधं ग्लिसरीन

साठीच्या आसपास नडग्या कोरड्या पडायला लागतात, पांढरा कोंडा निघतो, रात्री अंथरुणात पडलं की खाज सुटते आणि घरातले म्हणतात वय झालं, चालायचंच. मला हे अजिबात पटत नाही, कारण हे असं का होतं ते बऱ्यापैकी माहिती आहे आणि उपायही महाग नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा. या पेशींमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन तुटून अमिनो अ‍ॅसिड, पीसीए नावाचं आम्ल वगैरे तयार होतात, सोबत लॅक्टेट आणि युरिया असतात, आणि हे सगळे मिळून पाणी धरून ठेवतात. वय वाढतं तसा हा साठा कमी होतो, तेलही कमी सुटतं, पेशींच्या मधल्या फटी भरणारे सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ कमी होतात, मग पाणी उडून जातं. गंमत म्हणजे मेलेल्या पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइमनासुद्धा पाणी लागतं, ते नसलं की पेशी एकेक न गळता चिकटून राहतात आणि पापुद्रे निघतात, तोच तो कोंडा.

इथे ह्युमेक्टंट म्हणजे पाणी धरून ठेवणारे पदार्थ कामाला येतात, आणि त्यात माझी पहिली पसंती ग्लिसरीनला. रेणू लहान, त्यामुळे या थरात शिरतो, आणि त्याचे तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याला पकडून ठेवतात. खालच्या जिवंत पेशींमध्ये अ‍ॅक्वापोरिन-३ नावाचं चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातली वाट, ग्लिसरीन आत नेतं. ज्या उंदरांमध्ये हे चॅनेलच नव्हतं त्यांची त्वचा कोरडी पडली होती आणि ग्लिसरीन दिल्यावर सुधारली.

हायल्युरोनिक अ‍ॅसिड या दुसऱ्या ह्युमेक्टंटचा सध्या फार बोलबाला आहे. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं. चांगलंच आहे, पण त्याचे मोठे रेणू वरच बसतात, तिथे पाणी धरतात, कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा थोड्या वेळासाठी भरून आल्यासारख्या दिसतात. उन्हाने आणि कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रोटीन) कमी झाल्याने पडलेल्या खोल सुरकुत्या मात्र यातल्या कशानेच जात नाहीत, हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता महत्त्वाचं. नागपूर-नाशिकच्या थंडीत किंवा दिवसभर एसीमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा नुसतं ह्युमेक्टंट लावलं तर ते त्वचेच्या खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते उडूनही जाऊ शकतं. म्हणून आंघोळ कोमट पाण्याने, साबण कमी, अंग ओलसर असतानाच ग्लिसरीनवालं क्रीम आणि नडग्यांवर त्यावर पातळ पेट्रोलियम जेली. टाचांना १० टक्के युरियाचं क्रीम छान लागू पडतं, फक्त भेगांवर झोंबतं, आणि डायबेटिस असेल तर भेगा आधी डॉक्टरांना दाखवा. एवढं नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत खाज थांबली नाही तर तपासून घ्या, कारण किडनी, लिव्हर किंवा थायरॉइडच्या त्रासातही अशी खाज सुटते.