फडफडता फडफडता थांबलेली पट्टी

"डॉक्टर, ताप नाही हो ह्याला. पण शाळेत डोकंच चालत नाही." गुहागरकडच्या एका आजीने तिसरीतल्या नातवाला पुढे केलं. बाईंची तक्रार होती की हाक मारली तरी हा नुसता बघत बसतो.

मी त्याच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली आणि म्हटलं, जोरजोरात फुंकत राहा. दोनेक मिनिटं पट्टी फडफडली. मग थांबली. डोळे उघडे, पापण्या बारीक लवताहेत. मी मनात बारा मोजले, तोवर तो पुन्हा फुंकू लागला, मधलं काही घडलंच नाही असा. "हेच! हेच करतो," आजी म्हणाली.

हा फिटचाच प्रकार, ॲब्सेन्स सीझर. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. दिवसातून कितीतरी वेळा असे काही सेकंद गळून जातात आणि बेरजेतला हातचा त्यांच्याबरोबर जातो. जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि लपलेली फिट बाहेर येते. (घरी मात्र हे करून बघू नका.) ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढून खात्री होते. योग्य गोळ्यांनी बहुतेक मुलांच्या अशा फिट थांबतात.

दरवेळी इतकं सोपं नसतं. मी आधी विचारतो, पहिल्यापासून असं आहे की अलीकडे? अलीकडे घसरला असेल तर नजर, झोप, थायरॉइड, रक्त आणि घरात काय चाललंय तेही बघायचं. आमच्याकडे कान तर विसरूच नये. सर्दीनंतर पडद्यामागे चिकट पाणी साचतं. कान दुखतही नाही, फक्त कमी ऐकू येतं. त्यात जुलैचा पाऊस शाळेच्या पत्र्यावर कोसळत असतो. मागच्या बाकावर बाईंचं काय पोचणार?

आणि पहिल्यापासून फक्त वाचनच अडत असेल तर? भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ, पण 'घ' आणि 'ध'पाशी गाडी अडते. हा डिस्लेक्सिया असू शकतो. त्याचं निदान माझ्या टेबलावर होत नाही. डोळे-कान तपासून मी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातलाच), प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत तपासणी करतात, ते मोलाचं काम आहे. पण शाळेत ती वर्षातून एकदा येतात. सर्दी-खोकल्याचं तेच पोर माझ्याकडे चार वेळा येतं, आणि त्याचं घर मला ठाऊक असतं.

त्या दिवशी गोळ्यांबरोबर बाईंनाही चिठ्ठी दिली: मध्येच थांबला तर ओरडू नका. सुटलेलं वाक्य तेवढं पुन्हा सांगा.